सावली कोणत्या महिन्याची?

आरमोरीच्या जुन्या घरांमागे अजून सांदवाडी शिल्लक आहे. तिथे एखादा मोह असतो, एखादा आंबा किंवा चिंच, कुठे करंज, क्वचित ऐनही. नवे घर बांधताना ही झाडे राखली गेली, हे गावाचे भाग्यच. पण त्यांच्याखाली काय लावायचे, हा प्रश्न आला की बहुतेक जण नर्सरीत जाऊन ‘सावलीतली झाडे’ मागतात. मग कॅलाथिया, अग्लोनेमा, फर्न, डंबकेन अशा कुंड्या घरी येतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची पाने अशी तकतकतात की पैसे सार्थकी लागल्यासारखे वाटते. होळीनंतर पानांच्या कडा करपतात आणि मे महिना उजाडेपर्यंत काड्या उरतात. घरचे लोक म्हणतात, पाणी कमी पडले. खरे कारण डोक्यावर पाहिले तर दिसते. ज्या सावलीसाठी ती रोपे आणली, ती सावलीच मधल्या काळात निघून गेलेली असते.

आपले जंगल पानगळीचे आहे. पावसाळ्यात जिथे भर दुपारी अंधारून येते, तिथेच मार्चमध्ये जमिनीवर थेट ऊन पडते. वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि नेमक्या त्या दिवसांतच आपली अर्धीअधिक झाडे उघडीबोडकी असतात. म्हणून झाडीपट्टीत ‘सावलीतली बाग’ करायची तर पहिला प्रश्न सावली किती, हा नसतो. सावली कोणत्या महिन्यांत असते, हे आधी विचारावे लागते.

प्रत्येक झाडाचे वेळापत्रक वेगळे आहे. सागाची पाने हिवाळ्यातच गळू लागतात आणि नवी पालवी पावसाच्या तोंडाशी येते, त्यामुळे सागाखालची जमीन सगळा उन्हाळा भाजते. मोह फेब्रुवारीच्या सुमारास पाने टाकतो, मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, आणि त्याच्यामागून तांबूस पालवी येते. मेच्या मध्यापर्यंत त्याच्याखाली पुन्हा बसण्याजोगी सावली झालेली असते. कुसुम याहून घाईचा. मार्चमध्येच त्याची लालभडक कोवळी पाने दिसतात. करंज पाने बदलतो, पण फार दिवस उघडा राहत नाही. ऐनाला मात्र पुन्हा भरायला मे-जून लागतो. आंबा, जांभूळ आणि वड यांची सावली जवळपास बारमाही. एकाच सांदवाडीत मोह आणि आंबा असतील तर तिथे दोन वेगळ्या बागा आहेत असे समजावे. दोन्हींखाली एकच रोप लावले तर एकीकडे ते जगेल आणि दुसरीकडे जाईल.

सावलीतल्या बागेची कल्पना आपल्याकडे बऱ्याच अंशी इंग्रजी पुस्तकांतून आली. विल्यम रॉबिन्सन या आयरिश बागकाराचे ‘द वाइल्ड गार्डन’ १८७० साली निघाले आणि झाडांखाली रानासारखी बाग करण्याची आवड तिकडे रुजली. त्या देशांतल्या रानात एक ठरलेली गंमत असते. हिवाळा संपतो, जमीन ओली असते, झाडांना अजून पाने आलेली नसतात. तेवढ्या मोकळ्या उजेडात ब्लूबेलसारखी कंदवर्गीय फुले उगवून, फुलून, पानांचे छत बंद होण्याआधी आपले काम उरकतात. तिथे पानगळीचा काळ म्हणजे संधी. आपल्याकडे नेमके उलटे आहे. पानगळीत उजेड भरपूर, पण जमिनीत ओल नाही. वर्षाचा बहुतेक पाऊस, सुमारे १३०० ते १५०० मिलिमीटर, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्याच वेळी वरचे छतही मिटते. म्हणजे आपल्या रानातल्या छोट्या झाडांना पाणी हवे असेल तर सावलीत जगायला शिकावे लागते, आणि सावली गेली की दिसेनासे व्हावे लागते. ती हेच करतात. कंद, मुळे, गाठी यांत सगळा साठा भरून ती दिवाळीच्या आसपास जमिनीखाली जातात आणि मृगाच्या सरी आल्या की पुन्हा वर येतात.

आरमोरीच्या बागेसाठी झाडे निवडण्याचे माझ्या मते हेच सूत्र आहे. मोह, साग, ऐन, पळस यांच्याखाली झोपणारी झाडे लावा. जागी राहणारी झाडे आंबा, जांभूळ, करंज यांच्याखाली न्या.

मोहापासून सुरुवात करू, कारण तिथे या सूत्राचा दुहेरी फायदा आहे. ज्याच्या घरामागे मोह आहे त्याला मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालची जमीन स्वच्छ लागते, फुले वेचायला. तिथे झुडपे दाटली तर मोहफुले त्यांत अडकतात, आणि पहाटे कंदील घेऊन काट्यांत हात घालणे कोणालाच नको असते. कंदवर्गीय झाडे त्या वेळी जमिनीखाली असल्याने अंगण झाडून घ्यायला मोकळे राहते. पावसाळ्यात तेच अंगण हिरवे होते. यासाठी माझी पहिली पसंती सफेद मुसळीला. गवतासारखी पाने, त्यांतून वर येणारा पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचा दांडा, आणि खाली बोटांसारखी मांसल मुळे. हिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५४ साली तिची नोंद केली आणि मुंबईच्या बोरिवलीवरून हे नाव ठेवले. शहरी घरांत खिडकीवर टांगलेले ‘स्पायडर प्लँट’ हे तिच्याच कुळातले, पण आफ्रिकेतले. बाजारात ते सहज मिळते म्हणून त्याचे कौतुक होते आणि आपल्या रानातली बहीण मात्र फक्त औषधाच्या पोत्यात दिसते, हे मला खटकते.

मुसळीला पाणी साचलेले चालत नाही. धानाच्या बांध्यांतल्या कन्हार जमिनीत ती कुजते; बरड, मुरमाड, उताराची जागा तिला मानवते. सांदवाडीत काळी चिकण माती असेल तर वाळू आणि पालाकुजीचे खत घालून वीतभर उंच वाफा करावा, मात्र तो झाडाच्या बुंध्याला टेकवू नये. सावली फार दाट असेल तर सफेदऐवजी काळी मुसळी घ्यावी. ताडाच्या रोपासारखी चुण्यांची पाने आणि अगदी जमिनीलगत उमलणारी पिवळी फुले, इतकी लहान की वाकून पाहावे लागते. तिला कमी उजेड पुरतो.

तिखूर तिसरा. हळदीचाच भाऊबंद. पावसाच्या सुरुवातीला, पाने पुरती उलगडण्याआधी, याचे कणीस वर येते, टोकाला गुलाबी आणि मधून पिवळी फुले. पुढे रुंद पानांची दाटी होते आणि मोहाखालची सगळी मोकळी जागा झाकली जाते. याच्या कंदापासून सत्त्व काढतात, उपवासाला चालते, लहान मुलांना आणि आजाऱ्यांना पेज करून देतात. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात हे घरोघरी माहीत असलेले अन्न आहे. शोभेचे आणि उपयोगाचे असा भेद आपल्या सांदवाडीने कधी केला नाही, तो आता नर्सरीच्या फलकांनी शिकवू नये.

आंब्याखालची गोष्ट वेगळी. तिथे उन्हाळ्यातही गारवा असतो, पण पावसाळ्यात उजेड फारच कमी असतो आणि वरच्या थरातली मुळे ओल पटकन ओढून घेतात. इथे अडुळसा चांगला येतो. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, हा मोठाच गुण. भुईनीम एकदा लावला की बी सांडून दरवर्षी आपोआप उगवतो. सुरण छान वाढतो. एकाच दांड्यावर छत्रीसारखे उभे राहणारे त्याचे पान सावलीत जितके देखणे दिसते तितके उन्हात दिसत नाही. खाण्यासाठी लावायचा तर ‘गजेंद्र’ हा कमी खाजरा वाण घ्यावा. हळदही अर्धसावली सोसते. उन्हातल्याएवढे पीक मिळत नाही, पण घरापुरती निघते.

आणि सर्पगंधा. या झुडपावर थोडे थांबायला हवे. हातभर उंची, तीन-तीनच्या झुपक्यात चकाकती पाने, लाल देठांवर पांढरट-गुलाबी फुले आणि नंतर काळी पडणारी फळे. झाडांच्या सावलीत, पाचोळ्याच्या कुजक्या मातीत वाढणारी ही वनस्पती वैद्यांना आणि आदिवासी वैदूंना पूर्वापार माहीत होती. १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रेसरपिन वेगळे करण्यात आले. डॉ. वकिलांना पुढे १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. किंमत मात्र झाडाने मोजली. औषध मुळात असल्याने झाड उपटल्याशिवाय ते मिळत नाही, आणि भारतभरच्या रानांतून सर्पगंधा इतकी उपटली गेली की आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आहेत. घराच्या आंब्याखाली दहा-पंधरा रोपे लावणे हे औषधासाठी नाही, मुळ्या घरच्या घरी चघळण्याचे धाडस कोणीही करू नये. ते बियाण्यासाठी आहे. तिचे बी कमी उगवते, म्हणून पिकलेली फळे ताजी असतानाच गर धुऊन पेरावीत. एका सांदवाडीतून चार सांदवाड्यांना रोपे गेली तर त्या प्रमाणात रानावरचा भार उतरेल.

चिंचेखाली काही लावू नये. तिच्या दाट सावलीत आणि बारीक पाचोळ्याच्या थरात फारसे काही टिकत नाही, हे गावातल्या कोणत्याही चिंचेखाली दिसते. तिथे पार बांधावा, खाट टाकावी.

सांदवाडीच्या कडेला, जिथे अर्धा दिवस ऊन आणि अर्धा दिवस सावली, तिथे झुडपांची जागा. मुरडशेंग मला या सगळ्यांत मोलाची वाटते. विटकरी-लाल फुले, त्यांवर येणारे शिंजीर, आणि पीळ घातलेल्या शेंगा, ज्या बाळगुटीत उगाळतात. पांढरा कुडा पावसाआधी सुगंधी फुलांनी भरतो. शतावरी कुंपणावर चढवावी, तिला थोडा उजेड जास्त लागतो. कळलावीची ज्वाळांसारखी फुले कोणालाही मोहात पाडतील आणि तीही कंदवर्गीय, पावसाळ्यापुरती. पण तिचा प्रत्येक भाग, विशेषतः कंद, जीवघेणा विषारी आहे. ज्या घरात रांगती-चालती मुले आहेत, किंवा जिथे घरचे माणूस कंद खणून भाजी करते, तिथे कळलावी लावूच नये. रताळ्यासारखा कंद समजून खाल्ला तर जीव जाऊ शकतो.

बोअरिंगजवळ किंवा मोरीच्या पाण्याच्या वाटेवर एक ओला कोपरा असतोच. तिथे धोपा लावतात, ते बरोबरच आहे. त्याच्या जोडीला पेवा लावून पाहावा. जिन्यासारखा वळत वर जाणारा दांडा, तांबड्या बोंडातून निघणारे कागदासारखे पांढरे फूल. जमिनीलगत मंडूकपर्णी पसरू द्यावी. साबणाचे पाणी थेट मात्र सोडू नये, आधी वाळू-विटांच्या खड्ड्यातून जाऊ द्यावे.

नर्सरीतल्या कुंड्यांचे मग काय? त्यांना ओटी किंवा पडवी द्यावी, जिथे सावली छपराची असते आणि म्हणून बाराही महिने असते. बागेत त्या नकोत. याहून गंभीर इशारा वेडेलियाबद्दल द्यायचा आहे. पिवळ्या फुलांची ही पसरणारी वेल जमीन झाकण्यासाठी सर्रास विकली जाते. ती तुकड्यातुकड्याने फुटते आणि ओलाव्याने पुढे पुढे सरकते. नागपुरातल्या बंगल्यात ती कुंपणापर्यंत जाईल. आरमोरीत कुंपणापलीकडे नाला आहे आणि नाल्यापलीकडे जंगल. घाणेरीही शोभेचे झुडूप म्हणूनच या देशात आली होती, आणि आज ती काढण्यासाठी वनविभागाला किती कष्ट पडतात ते जंगलात फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. रानाच्या काठावर राहणाऱ्याची बाग त्याच्या एकट्याची नसते.

हाच विचार उलट दिशेनेही करायला हवा. एवढी सगळी झाडे शेजारच्या जंगलात आहेत, मग सब्बल घेऊन जावे आणि आणावीत, असे वाटणे साहजिक आहे. तसे करू नये. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक गावांना असे हक्क मिळाले. त्या जंगलातून कंद किती काढायचे आणि किती राखायचे हे त्या त्या गावाने ठरवायचे असते. बागेच्या हौशीसाठी तिथे हात घालणे योग्य नाही. मुसळी, सर्पगंधा, अडुळसा, शतावरी यांची रोपे औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकांत मागवता येतात, तिखुराचे आणि सुरणाचे कंद ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळतात. जुन्या आंब्या-मोहाच्या फांदीवर रास्ना वाढते, ते ऑर्किड आहे. तीही काढून आणू नये. वादळात फांदी मोडून खाली पडली असेल आणि तिच्यावर रास्ना असेल, तर ती आपल्या झाडावर सुतळीने बांधावी. एखाद-दोन पावसाळ्यांत मुळे सालीला धरतात.

लागवडीच्या पद्धतीत दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, मोठ्या झाडाची मुळे तोडून सरसकट वाफे करू नयेत. बुंध्यापासून चार-पाच हात सोडून, मुळांच्या मधल्या फटींत, खुरप्याने छोटे खड्डे घ्यावेत आणि लहान रोपेच लावावीत. ती मुळांशी जुळवून घेतात, मोठी रोपे घेत नाहीत. बुंध्याभोवती मातीचा ढीग करू नये, साल कुजते. दुसरी गोष्ट पाचोळ्याची. आपल्याकडे माघ-फाल्गुनात सांदवाडीतला पाला गोळा करून पेटवतात. झोपलेल्या कंदांवरचे पांघरूण आपणच जाळतो, आणि वारा सुटला तर आग कुठवर जाईल सांगता येत नाही. मोहाखालचा पाला एका बाजूला ओढून खड्ड्यात टाकावा, शेण-पाणी मारावे. सागाची पाने लवकर कुजत नाहीत, ती तोडून टाकावीत. मोहफुले वेचून झाली की अर्धवट कुजलेला पाला पुन्हा वाफ्यावर पसरावा. जूनमध्ये कोंब त्यातून वर येतात.

घराच्या भिंतीपासून आठ-दहा हात जागा मात्र स्वच्छ, उघडी ठेवावी. हे सौंदर्याच्या आड येते, पण आरमोरीत ते टाळता येणार नाही. पाचोळ्यात मण्यार लपते. तालुक्याच्या जंगलात वाघ आहेत, गावाच्या कडेला रानडुकरे येतात, आणि कंदांचा वास डुकरांना लांबून लागतो. गावाच्या शेवटच्या घरांनी सुरण आणि तिखूर कुंपणाच्या आत, घराच्या नजरेत लावावेत आणि जंगलाच्या बाजूने दाट झुडपांची भिंत उभी करू नये. तिकडे अडुळशाची एकच ओळ, खालून छाटलेली, पुरे.

सांदवाडीत ऐन किंवा अर्जुन असेल तर आणखी एक जपावे. आरमोरीचे नाव कोशाच्या रेशमाशी जोडलेले आहे, आणि कोशाची अळी मुख्यतः याच दोन झाडांच्या पानांवर वाढते. ढिवर समाजातली अनेक कुटुंबे जंगलातल्या ऐनावर ती पाळत आली आहेत. खालच्या झाडांवर कीटकनाशक फवारले तर ते वर उडते. सावलीतल्या या रानझाडांना फवारणीची गरज फारशी पडत नाही. एखादी अळी तिखुराचे पान खाते, तिला खाऊ द्यावे.

पहिल्या वर्षी सुरुवात एवढीच करावी. वैशाखात, आषाढात आणि पौषात भर दुपारी सांदवाडीत उभे राहावे आणि सावलीच्या कडेला दगड ठेवावेत. जिथे तिन्ही वेळा सावली, ती जागा सर्पगंधेची आणि अडुळशाची. जिथे आषाढात सावली, पण वैशाखात नाही, ती मुसळी-तिखुराची. घाई असेल त्याने वैशाखातले दगड ठेवून मृगात लागवड करायला हरकत नाही, कारण सगळ्यात कठीण परीक्षा त्या महिन्याची असते. मुसळी एकमेकींपासून वीतभर, तिखूर हातभर अंतरावर लावावा. कार्तिकात पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे आणि प्रत्येक जागी बांबूची काडी रोवून ठेवावी, नाही तर निंदण काढताना कंदावर कुदळ बसते. मग वाफा सहा-सात महिने रिकामा दिसेल. पाहुणे विचारतील, इथे काही लावले नाही का? लावले आहे, जूनमध्ये या, असे त्यांना सांगावे. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिखुराची गर्दी होते. तेव्हा अर्धे कंद काढून शेजाऱ्याला द्यावेत.